कवडीवाल्याचं उत्तर

मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. चाळीस वर्षं नगरजवळच्या भिंगारच्या बाजारात दुकान चालवलं, लग्नाकार्याला आणि सभांना लाऊडस्पीकर भाड्यानं दिले, आणि आता मुलाच्या हाती सगळं सोपवून घरी बसलो आहे. धंद्यातले अनुभव लिहा असं संपादकांनी म्हटलं, तेव्हा ऐन भाषणात मुके झालेले माईक आणि वरातीत जळालेले अँप्लिफायर असं बरंच डोक्यात आलं. पण लिहायला बसलो की हात दुसरीकडेच जातो. ज्या कामाची पाटी माझ्या दुकानावर कधी लागली नाही, त्या कामाकडे. ते मी जेमतेम अडीच वर्षं केलं, आणि त्यातल्या एका आठवड्यानं मला अजून स्वस्थ बसू दिलेलं नाही.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. भिंगारहून सायकलनं अर्ध्या तासावर एक धर्मादाय दवाखाना होता. तिथं एक आड एक गुरुवारी पुण्याहून मनोविकारांचे डॉक्टर येत. त्यांना वेगळी खोली होती, बाहेर बाक होता, आणि त्या बाकावर कुणी बसत नसे. खोकला, हगवण, बाळंतपण यांची गर्दी फाटकापर्यंत, आणि हे डॉक्टर एकटे वर्तमानपत्र वाचत बसलेले. कारण साधं होतं. त्या बाकावर माणूस दिसला की दिवस मावळायच्या आत त्याच्या गावात बातमी, अमक्याला येड लागलं. मग घरातल्या मुलीचं लग्न अडायचं. नोकरी असली तर ती धोक्यात यायची.

दवाखान्याच्या मुख्य नर्स सुशीलाबाई. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. पन्नाशीच्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की काम सांगूनच थांबणाऱ्या. दवाखान्याचा रेडिओ दुरुस्त करायला गेलो असताना त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“वसंतराव, आवाज धरून ठेवायचं यंत्र आहे ना तुमच्याकडं?”

होतं. लष्कराच्या छावणीतल्या एका अधिकाऱ्यानं बदली होऊन जाताना मला विकलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर. सुटकेसएवढी पेटी, वर दोन चकत्या. एका चकतीवरची तपकिरी फीत दुसरीवर गुंडाळत जाते, आणि जाता जाता आवाज तिच्यावर उमटतो. फितीला गंजासारखी बारीक लोखंडी पूड लावलेली असते. आवाज म्हणजे त्या पुडीची मांडणी, एवढं सोपं आहे ते.

“माणूस दिसायला नको,” सिस्टर म्हणाल्या. “नाव नको, गाव नको. नुसता आवाज डॉक्टरांपर्यंत पोचला पाहिजे. आणि डॉक्टरांचा आवाज त्याच्यापर्यंत.”

धुतलेल्या चादरी ठेवायची एक खोली आम्ही निवडली. तिला दोन दारं होती, त्यामुळं खोकल्याच्या रांगेतला माणूस सहज आत सटकू शके. भिंतींना चादरींचे गठ्ठे, म्हणून आतला आवाज बाहेर येत नसे आणि फितीवर घुमतही नसे. नंतर मोठमोठे स्टुडिओ मी पाहिले, पण त्या खोलीइतका स्वच्छ आवाज कुठं मिळाला नाही. यंत्राच्या कळांवर मी पत्रा बसवला आणि दोनच कळा उघड्या ठेवल्या. लाल दाबली की बोलायचं, पांढरी दाबली की ऐकायचं. सिस्टरांचं टेबल पलीकडच्या खोलीत होतं. मधल्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक खिडकी पाडली. तिच्यातून फक्त हात दिसायचा.

प्रत्येकाची स्वतंत्र छोटी फीत, स्वतंत्र डबा. नंबर दिले असते, पण निम्म्यांना वाचता येत नव्हतं. मग सिस्टरांनी डब्यांवर वस्तू चिकटवल्या. चिंचोका, गुंडी, शिंपला, कवडी, करंजाची बी. ‘माझा चिंचोका द्या’ म्हटलं की डबा खिडकीतून आत जायचा. डॉक्टर गुरुवारी येऊन सगळ्या फिती कानाला यंत्र लावून ऐकत. ऐकलेल्या फिती सिस्टरांच्या कपाटात कुलपात राहत. उत्तरं मात्र डॉक्टर पुण्याला घरी जाऊन, विचार करून, नव्या फितींवर बोलत आणि ज्याच्या त्याच्या खुणेच्या डब्यात घालून एस.टी.नं पाठवत. स्टँडवरून ती पिशवी आणायचं काम माझं. फिती मी ऐकायच्या नाहीत, सिस्टरांनीही ऐकायच्या नाहीत, असा शब्द आम्ही खिडकीपाशी प्रत्येकाला दिला होता.

गिऱ्हाइकं हळूहळू येऊ लागली. एक निवृत्त हवालदार आले ते लाल कळ दाबून, आधी नाव, मग हुद्दा, मग पलटण असं दारं हादरतील इतक्या मोठ्यानं बोलले. सिस्टर खिडकीतून म्हणाल्या, “अहो, नाव सांगायचं नाही.” त्यावर ते म्हणाले, “नाव लपवायला मी काय पळून आलोय का?” मग दार लावून फीत संपेपर्यंत बोलले, आणि तेवढा वेळ त्यांचा आवाज अजिबात बाहेर आला नाही.

एका बाईंच्या फितीबद्दल डॉक्टरांनीच एकदा सांगितलं. पंधरा मिनिटांत एक शब्द नाही, फक्त बांगड्यांचा आवाज. त्यांनी उत्तर पाठवलं होतं, ‘तुम्ही आलात हे मला कळलं. पुढच्या वेळी एक शब्द बोला. कुठलाही चालेल.’ तिसऱ्या खेपेला त्या बाई बोलू लागल्या. काय बोलल्या ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता तो आठवडा.

थंडीचे दिवस होते. पुण्याहून पिशवी आली ती मी सायकलला अडकवून दुकानात आणली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी एक मोठी सभा होती, तिच्यासाठी लाऊडस्पीकरचे कर्णे उघडून मी साफ करत होतो. पिशवी ठेवायला सपाट जागा दिसली ती एका कर्ण्याच्या सुट्या युनिटवर. युनिट म्हणजे कर्ण्याच्या मागचा जड भाग, आणि त्याच्या पोटात मनगटाएवढा चुंबक असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शिकाऊ पोरांना मी हेच पहिल्या दिवशी शिकवत असे, फीत आणि चुंबक एकत्र येऊ द्यायचे नाहीत. पण तेवढ्यात सभेचा माणूस घाई करत आला, मी त्याच्याशी बोलत बसलो, आणि पिशवी रात्रभर तिथंच राहिली. सकाळी ती उचलून दवाखान्यात पोचवली आणि सभेला गेलो.

तीन दिवसांनी सकाळीच सिस्टरांकडं गेलो तेव्हा त्या चादरींच्या खोलीत उभ्या होत्या. हातात कवडीचा डबा.

“वसंतराव, हे ऐका बरं.”

“ऐकायचं नाही ना आपण?”

“ऐकण्यासारखं काही नाहीच. म्हणून तर म्हणते.”

मी पांढरी कळ दाबली. सुरुवातीला दूरवर कुणीतरी पुटपुटल्यासारखं, आणि मग नुसती खरखर. फीत संपेपर्यंत खरखर. पिशवीच्या तळाशी, चुंबकाला टेकून, हाच डबा होता.

“काल बाजारच्या दिवशी तो आला होता,” सिस्टर म्हणाल्या. “बराच वेळ आत होता. मग खिडकीतून डबा परत दिला आणि विचारलं, ह्येच हाय का उत्तर? मला काय ठाऊक. मी म्हटलं, हो, डॉक्टरांनी खास तुमच्यासाठीच पाठवलंय.”

त्यांनी फीत काढून डब्यात ठेवली. मग म्हणाल्या, “फीत यंत्रावरच राहिली होती. आज सफाईवाली आत गेली, तिनं चुकून कळ दाबली, म्हणून कळलं. तो परत येतो म्हणाला नाही, वसंतराव. एरवी सगळे म्हणतात.”

मी तार ऑफिसात जाऊन पुण्याला अर्जंट ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी डॉक्टर सापडले. कवडी म्हटल्याबरोबर त्यांचा आवाज बदलला.

“त्या माणसाला वाट बघायला लावू नका. आजच शोधा.”

“कसा शोधू? नाव नाही, गाव नाही. आपणच ठेवलेलं नाही.”

“त्याची पहिली फीत कपाटात आहे. ऐका.”

“आपण शब्द दिलाय.”

“तो मी मोडतोय, तुम्ही नाही. ऐका आणि जा. आणि लिहून घ्या, मी त्याला काय सांगितलं होतं ते सांगतो.”

तार ऑफिसातल्या फॉर्मच्या पाठीमागं मी ते सगळं लिहून घेतलं. मग सिस्टरांनी कपाट उघडलं आणि आम्ही दोघं चादरींमध्ये उभे राहून ती फीत ऐकू लागलो. दुसऱ्याच्या घरात चोरपावलांनी शिरल्यासारखं वाटत होतं. सिस्टर सगळा वेळ जमिनीकडं बघत होत्या.

मध्यमवयीन माणसाचा आवाज, सावकाश. “म्या फाटक लावतो. कुलूप घालतो. आन् मागं फिरलो की वाटतं, घातलंच न्हाई. जाऊन वडून बघतो. घातल्यालं असतंय. परत वाटतं. गाडी गेल्याव बी वाटतं, कोन तरी खाली आलं. रुळावं जाऊन बघतो. कोन न्हाई. उसाच्या गाड्या थांबल्याल्या असत्यात, लोक शिव्या देत्यात, तरी बघतो. घरी जेवताना बी तेच. सा महिनं झालं. कोनाला सांगू? सांगितलं तर फाटकावनं काडून टाकतील. येक दिस मीच संपलो म्हंजी हे बघनं बी संपंल. पन तुमी काय सांगता ते आदी ऐकतो. तवर थांबतो.”

तवर थांबतो. आणि त्याला ऐकायला मिळाली ती खरखर, आणि वर सिस्टरांचा दाखला, की खास तुमच्यासाठीच आहे.

रेल्वेच्या कचेरीत जाऊन विचारलं असतं तर अर्ध्या तासात पत्ता लागला असता, आणि त्याची नोकरी गेली असती. उत्तर लिहून घेताना फाटकाचं कळलं, तेव्हाच मी फोनवर डॉक्टरांना गाडीतल्या लोकांचंही विचारलं होतं. ते म्हणाले, “असा माणूस फाटक उघडं टाकत नाही. दहादा लावतो. गाडीला धोका नाही, त्याला स्वतःला आहे.” मला ते पटलं होतं.

ऊस म्हणजे राहुरीची बाजू. सायकल एस.टी.च्या टपावर टाकून तिकडं गेलो आणि रुळाच्या कडेकडेनं नगरकडं परत येऊ लागलो. खांद्याला हत्यारांची पिशवी, कुणी विचारलं तर रेडिओ मिस्त्री. पहिल्या फाटकावर एक म्हातारबुवा होते. त्यांनी खरोखरच ट्रान्झिस्टर पुढं केला, आणि नाही कसं म्हणणार, मी तिथं तुटलेली तार जोडत बसलो. आयुष्यात इतका वाईट कथलाचा डाग मी कधी दिला नाही. दुसऱ्या फाटकावर एक पोरगेलासा माणूस बैलगाडीवाल्याशी हसत होता. तो आवाज नव्हता. प्रत्येक गाडीच्या शिट्टीला मी सायकलवरून उतरत होतो आणि गाडी न थांबता पुढं गेल्याचा आवाज येईपर्यंत उभा राहत होतो.

पुढचं एक फाटक. कितवं ते सांगणार नाही. दुपारची मालगाडी यायची होती. खाकी कपड्यातल्या माणसानं फाटक लावलं, कुलूप घातलं, ओढून पाहिलं. खोलीकडं चार पावलं गेला, परत आला, ओढून पाहिलं. गाडी गेली. उसाच्या तीन गाड्या थांबलेल्या, बैल फुरफुरत होते. तो रुळांमध्ये उतरला, वाकून दोन्हीकडं बघू लागला. पुढचा गाडीवान म्हणाला, “आवं, काय हरवलंय का तुमचं? सोडा की आता.” त्यानं फाटक उघडलं आणि गाड्या जाताच पुन्हा रुळांत उतरला.

मी सायकल लावली. तो वर आल्यावर म्हणालो, “राम राम. मी भिंगारचा रेडिओ मिस्त्री.”

“आमच्याकडं रेडिओ न्हाई.”

आवाज तोच होता. मी हळू म्हणालो, “कवडी.”

त्यानं चटकन मागं वळून रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाला, “कसली कवडी? तुमी चुकीच्या फाटकाव आलाय.”

हात धरून ‘तुम्हीच ते’ म्हणालो असतो तर उरलंसुरलं तुटलं असतं. मी खोलीच्या सावलीत दगडावर बसलो.

“असेन,” म्हणालो. “पण एका माणसाचा निरोप माझ्याकडं आहे. तुमच्या ओळखीत असला तर पोचवा. त्याचं उत्तर आलं होतं. माझ्या हातून पुसलं गेलं. त्यानं जे ऐकलं ते उत्तर नव्हतं.”

“पुसलं?”

“चुंबकावर राहिलं. चूक माझी.”

तो दोन पावलं जवळ आला. “मंजी डाक्टर बोलले हुते?”

“बोलले होते. पंधरा मिनिटं.”

“त्या मानसाला वाटलं आसंल,” तो म्हणाला, “की आपलं ऐकून डाक्टरला बी बोलायला काय उरलं न्हाई.”

तो माझ्यापासून हातभर अंतरावर उकिडवा बसला.

“तुमी ऐकलं त्याचं समदं?”

“ऐकलं. ऐकणार नाही म्हणून सांगितलं होतं, तरी ऐकलं.”

“बरं न्हाई केलं.”

“नाही केलं.”

“नोकरी हाय त्याची. पोरं हायेत.”

“सिस्टर, डॉक्टर आणि मी. चौथा माणूस नाही आणि होणार नाही.”

मी फॉर्म काढला आणि वाचायला लागलो. हे पाप नाही, बाहेरची बाधा नाही, येडही नाही, शंकेचा आजार आहे. डॉक्टरांकडं या आजाराचे मास्तर येतात, पोस्टातले येतात, एक पुजारी येतात. फाटक लावल्यावर एकदाच बघायचं, मोठ्यानं ‘लागलं’ म्हणायचं आणि फिरायचं. परत जावंसं वाटेल, जीव कासावीस होईल. होऊ द्यायचा. थोड्या वेळानं तो आपोआप खाली बसतो. गोळी आहे, ती घ्यायची. आणि संपून जावंसं वाटलं तर एकट्यानं बसायचं नाही, सिस्टरांच्या खिडकीशी यायचं. बोलायचं नसलं तर नुसतं यायचं.

“ते कासावीसचं परत वाचा,” तो म्हणाला.

मी परत वाचलं.

“आन् त्यो खाली बसतो? कायम तसाच ऱ्हात न्हाई?”

“डॉक्टर म्हणतात बसतो.”

“तुमी बगितलाय का कोनाचा बसलेला?”

खोटं बोलणं सोपं होतं. “नाही,” म्हणालो. “मी रेडिओवाला. गुरुवारी डॉक्टर स्वतः असतील. त्या माणसासाठी नवी फीत बोलून आणणार आहेत.”

त्यानं फॉर्म मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला. खोलीतली घंटी वाजली. “तुमी जावा आता,” तो म्हणाला. “गाडीच्या येळंला हितं कोनी नको.”

मी निघालो, पण गेलो नाही. हाकेच्या अंतरावर बाभळीखाली उभा राहिलो. गाडीआधी त्यानं कुलूप सात वेळा ओढून पाहिलं. दर वेळी त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता ते ऐकू आलं नाही.

गुरुवारपर्यंत मी एकही धड काम केलं नाही. दुकानापर्यंत शिट्टी ऐकू आली की हातातलं हत्यार खाली ठेवत होतो. बायकोनं विचारलं, काय झालंय? तिला सांगता येत नव्हतं. तेव्हा प्रथमच कळलं की ज्याला कुणाला सांगता येत नाही, त्याचं काय होत असेल. गुरुवारी सकाळपासून मी दवाखान्याच्या आवारात जनित्र दुरुस्त करायचं निमित्त काढून बसलो. दुपार झाली. डॉक्टरांची परतीची गाडी साडेचारची. चार वाजून गेल्यावर सिस्टर बाहेर आल्या. “हात आला,” म्हणाल्या. “कवडीच मागितली. आता दुसऱ्यांदा ऐकतोय.”

मी आवाराच्या मागच्या बाजूनं निघून गेलो. त्याला मी दिसायला नको होतो.

तो पुढं दीड वर्ष गोळ्या नेत होता, एवढं सिस्टर सांगत. मधे दोनदा बिघडला, पुन्हा सावरला. हात तेवढा दिसायचा, त्यावरून त्या ओळखायच्या.

पण या प्रकारानंतर डॉक्टर म्हणाले की, लोकांना आता खरं सांगायला हवं. मग खिडकीपाशी सिस्टर प्रत्येकाला म्हणू लागल्या, “नाव विचारणार नाही. पण जिवावरचं काही बोललात, तर आम्ही ऐकू आणि तुम्हाला शोधू.” ते बरोबर होतं, आजही मला बरोबरच वाटतं. मात्र दोन-तीन महिन्यांत निम्मे डबे धूळ खात पडले. ज्यांना सगळ्यात जास्त बोलायचं होतं, बहुधा तेच गेले. बांगड्यांच्या आवाजाच्या त्या बाईही पुन्हा आल्या नाहीत. डॉक्टर त्यांच्या फितीसाठी किती तरी गुरुवार थांबले. पुढं डॉक्टर परगावी गेले, दुसरे आले त्यांना यंत्राशी बोलणं पटेना, आणि चादरींच्या खोलीत पुन्हा फक्त चादरी राहिल्या. ते रिकामे झालेले डबे अजून माझ्या डोळ्यांपुढं येतात. एक माणूस हाती लागला, बाकीचे कुठं गेले, हे मला कुणी सांगू शकत नाही. मीच तसं यंत्र बसवलं होतं.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी दुकानात एक माणूस आला. डोक्याला टोपी, केस पिकलेले, काखेत नवाकोरा ट्रान्झिस्टर. मुलीनं पाठवलाय म्हणाला, पण आवाज फाटतोय. दुसरं काहीच बोलला नाही, आणि तरी पहिल्या चार शब्दांतच मी आवाज ओळखला. मी खाली बघून ट्रान्झिस्टर उघडला, आतल्या स्पीकरचा कागद ओला होऊन सुटला होता, संध्याकाळपर्यंत होईल म्हणालो. दुरुस्तीच्या वस्तूला चिठ्ठी बांधायची पद्धत होती. मी चिठ्ठी घेतली, पेन्सिल घेतली, आणि विचारायचं धाडस होईना म्हणून तशीच कोरी बांधायला लागलो.

“नाव लिवा की,” तो म्हणाला.

मी वर पाहिलं. त्यानं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग आडनाव, मग गाव. सावकाश, मला लिहिता येईल असं. मी लिहिलं. त्यानं वाकून चिठ्ठी वाचली आणि आडनावातली एक वेलांटी चुकली होती ती दुरुस्त करायला लावली.